आठल्येबाईंचे इंदापूरकर

"बाई गुणाची हाय, पण घरात उंदरं पाळती."

"पाळंना का. नवरा पाळण्यापरीस बरं."

दवाखान्याच्या ओट्यावर दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. मी आतल्या खिडकीशी टाईपरायटरवर होते. चष्मा लावून इंग्रजी बडवणाऱ्या मुलीला मराठी कळत नसणार, असं त्या धरून चालल्या होत्या. पलीकडे डॉक्टरबाई कुणाच्या तरी टाचेतला काटा काढत होत्या. क्षणभर चिमटा थांबला आणि आतून उत्तर आलं, "खरंय, आजी. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून उंदीर बोलत नाही."

म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून हसल्या. मी हसले नाही, कारण तो माझा तिथला पहिलाच दिवस होता आणि हसावं की नाही ते मला ठरवता येत नव्हतं.

डॉक्टर यमुना आठल्ये मुंबईच्या एका प्रयोगशाळेत काम करून बारामतीला आल्या होत्या. का आल्या, लग्न का केलं नाही, हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि प्रत्येकाला वेगवेगळं माहीत होतं. मी कधी विचारलं नाही. माझे वडील कालवा खात्यात होते आणि त्यांची बदली झाली म्हणून मी पुण्याचं कॉन्व्हेंट संपवून बारामतीला आले होते. मराठी मी घरात बोलायची तेवढीच. गावातल्या मराठीपुढे तर माझं तोंडच उघडत नसे. मुलगी दिवसभर पुस्तक घेऊन बसते आणि तिला टायपिंग येतं, एवढं वडिलांनी बाईंना सांगितलं. बाईंनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. "उद्या ये," म्हणाल्या.

आधी पाय बघायचे ही त्यांची सवय होती. रस्त्यानं चालतानासुद्धा त्यांची मान खाली असायची. लोकांना वाटे, बाई विनयशील आहेत. त्या खरं म्हणजे अनवाणी पावलं तपासत असायच्या. नमस्कार करायला कुणी वाकलं तर "पाया पडू नकोस, पाय दाखव" म्हणायच्या.

त्याला कारण होतं. त्या भागात, विशेषतः इंदापूरच्या बाजूला, शेतात राबणाऱ्यांच्या पायाला एक रोग होई. बाभळीचा काटा मोडायचा, जखम भरून यायची, माणूस विसरून जायचा. पुढे कधीतरी पाऊल सुजायला लागायचं. दुखत नसे, म्हणून कुणी दवाखान्याची वाट धरत नसे. मग पावलाला भोकं पडायची आणि त्यातून खसखशीएवढे काळे कण बाहेर यायचे. "ही मातीतली बुरशी," बाई सांगत, "काट्याचा हात धरून आत जाते आणि आत बिऱ्हाड थाटते." मला बुरशी म्हणजे लोणच्यावरची आणि पावावरची ठाऊक. माणसाच्या हाडापर्यंत ती जाते हे मी तिथंच पाहिलं. तिच्यावर औषध चालत नसे. हाड पोखरलं की पुण्याला नेऊन पाय कापायचा, एवढंच हातात होतं.

म्हणून बाईंनी मोटारीच्या जुन्या टायरच्या चपला करवून घेतल्या होत्या आणि औषधासारख्या त्या वाटायच्या. लोक भक्तिभावानं घ्यायचे. निरवांगीचा एक म्हातारा दर खेपेला चपला काखेत धरून यायचा, दवाखान्याच्या पायरीवर बसून त्या पायात चढवायचा आणि आत शिरायचा. एकदा बाईंनी त्याला खिडकीतून पाहिलं.

"आबा, चपला रानात घालायच्या असतात. मला दाखवायला नाही."

"रानात? काळ्या आईच्या अंगावं चपला घालून नाचू व्हय?" म्हातारा म्हणाला. "आन् झिजल्या म्हंजी? तुमी किती दिवस पुरवनार?"

बाईंनी त्याला आत घेऊन त्याचे पाय तपासले. दुपारी मला म्हणाल्या, "नलू, तो बरोबर बोलत होता का? खरं सांग. तुला काय वाटतं?"

"मला काय कळतंय, बाई."

हा आमचा ठरलेला संवाद होता. पत्र झालं, रोगी गेला, चहा बिघडला, की त्या हाच प्रश्न विचारायच्या, आणि मी हेच उत्तर द्यायची. त्या खरोखर उत्तराची वाट बघत, हे मला पुढं पुढं जाणवायला लागलं होतं.

उंदीर मागच्या खोलीत होते. पूर्वी ते गुळाचं गोदाम होतं आणि भिंतींना अजून गुळाचा वास होता, त्यामुळे मुंग्यांचा सुळसुळाट. उंदरांच्या खोक्यांचे पाय पाण्यानं भरलेल्या डब्यांत ठेवलेले असत. आत उसाचं पाचट कापून पसरलेलं. उंदरांची दोन घराणी होती. पांढरे मुंबईहून आगगाडीनं आले, दौंडला गाडी बदलून सुखरूप पोचले, म्हणून ते बारामतीकर. करड्यांची पेटी चुकून मोटारीनं इंदापूरला गेली आणि तिथल्या स्टँडवर बेवारशी पडून राहिली, म्हणून ते इंदापूरकर.

बाईंचा प्रश्न साधा होता. बांधाला बांध लागलेले दोन शेतकरी, एकच माती, एकाच बाभळीचे काटे. एकाचा पाय जातो आणि दुसरा काटा उपसून, थुंकी लावून कामाला लागतो. हे कसं? पायातून आलेली बुरशी त्यांनी बटाट्याच्या कापांवर वाढवली आणि उंदरांना टोचून पाहिली. कित्येक महिने ती लागेचना. मग लागली, पण सगळ्यांना नाही. बारामतीकर थोडे दिवस लंगडायचे आणि पुन्हा जाळीवर चढायचे. इंदापूरकर सुजायचे आणि मान टाकायचे.

एकदा इंदापूरच्या कचेरीतला एक कारकून खोकल्याचं औषध घ्यायला आला होता. बाई आतून बाहेर येत मला म्हणाल्या, "लिही. इंदापूरकर सगळे गेले. बारामतीकर एकूण एक शाबूत." कारकून बाटली तिथंच ठेवून उभा राहिला. "बाई, माझी मुलंबाळं तिकडं आहेत हो," म्हणाला. त्याला मागं नेऊन खोकी दाखवावी लागली. तिथं तो आणखीच दुखावला. "मेलेल्यांना बारामतीचं नाव द्यायला काय झालं होतं?"

ही घराणी शुद्ध ठेवायची म्हणून बाई सख्ख्या भावाबहिणींची जोडी लावत, पिढ्यानपिढ्या. झाडलोट करणाऱ्या सोनाबाईला हे मुळीच खपत नसे. ती त्या खोक्यांपुढून तोंड फिरवून झाडू मारायची. "बाई, ह्यास्नी मामाची पोरगी तरी बघा की," म्हणायची. "सख्खी भन म्हंजी लईच झालं."

"मामाची मुलगी चालते का, सोनाबाई?"

"न चालायला काय झालं? मीच दिलीया न्हवं आत्याच्या घरी."

बाईंनी हे कुठंतरी मनात ठेवलं असावं. पुढं इंदापूरकर आणि बारामतीकर यांची त्यांनी सोयरीक लावली. पिलं झाली, मोठी झाली, त्यांना बुरशी टोचली, आणि ती बारामतीकरांसारखी तरली. त्या दिवशी बाईंनी पेढे आणवले. एक पेढा कुस्करून खोक्यांतही टाकला. मी त्यांना गुणगुणताना ऐकलं ते तेवढं एकदाच.

कळस गावचे तात्या त्याच सुमाराला दवाखान्यात यायला लागले. काळा कण, सुजलेलं पाऊल, सगळं होतं. त्यांच्या भावाचा पाय आधीच पुण्याला कापला होता. वडीलही तसेच गेलेले. घरात त्यांची मुलगी पारू, आई नसलेली. तात्यांची बहीण निरवांगीला दिलेली, तिचा मुलगा शिवा. तात्यांना दवाखान्यात आणायचं ते शिवाच्या बैलगाडीतून. पारूला शिवाच्या घरी द्यायची, हे पोरं पाळण्यात असल्यापासून ठरल्यासारखंच होतं. आत्याच्या घरी भाची द्यायची, यात ठरवायचं तरी काय.

पारू तात्यांना बाकावर बसवायची आणि भरलेली घागर घेऊन बैलांना पाणी दाखवायला जायची. बैलांना जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा तिला जास्त वेळ लागायचा. माझ्या खिडकीतून गाडी दिसायची. शिवा काही बोलत नसे, चाकाला टेकून दोरी वळत बसे. पारूच बोलायची. परत येताना तिचा चेहरा कोरा असायचा, पण घागर बहुतेक वेळा भरलेलीच परत आलेली असे.

टायरच्या चपला सांगितल्याप्रमाणे रानात घालणारी बाईंच्या सगळ्या रोग्यांत आणि त्यांच्या नातेवाइकांत ती एकटी होती. तिच्या चपलांचे तळ मातीनं माखलेले असत. बाई ते बघून खूष होत. "ही माझी एकुलती एक शहाणी," म्हणत.

तात्यांच्या घरात मात्र पायाचं कारण वेगळं मानलेलं होतं. कालव्याचं पाणी आलं तेव्हा आजानं रान सपाट करताना नागाचं वारूळ फोडलं होतं. तेव्हापासून घरातल्या पुरुषांचे पाय जायला लागले, असा हिशेब. दरवर्षी नागपंचमीला तात्या सुजलेलं पाऊल फरफटत त्या जागेवर जाऊन नाक घासायचे. हे ऐकलं तेव्हा बाई संतापल्या. त्यांचा संताप म्हणजे आवाज खाली जायचा. "पाय गेला तो गेला, वर गुन्हेगार म्हणून जगायचं," म्हणाल्या. "हे मी काढून टाकणार."

आम्ही वडिलांच्या जीपमधून कळसला गेलो. अंगणात घोंगडी अंथरली होती. तात्या, निरवांगीहून आलेली आत्या, शेजारपाजारची माणसं. पारू गूळपाणी घेऊन दाराशी उभी होती. बाई घोंगडीवर बसल्या आणि त्यांनी कधी कुणाला सांगितलं नसेल इतक्या सोपं करून सगळं सांगितलं. बुरशी, काटा, पांढरे उंदीर, करडे उंदीर.

"तात्या, शाप नाही. तुमच्या आजानं कुणाचं वाईट केलेलं नाही. तुमच्या घराण्याच्या रक्तात या बुरशीला अडवायची ताकद कमी आहे, एवढंच. काटा लागलाच नाही तर काही होत नाही. चपला घाला."

"म्हंजी इंदापूरच्या उंदरानं बी वारूळ फोडलं न्हवतं म्हना की," शेजारचा एकजण म्हणाला आणि सगळे हसले. तात्याही हसले. त्यांना मी हसताना पहिल्यांदा पाहत होते. ते हसता हसता डोळे पुसायला लागले.

आत्या हसली नाही. "मी बी त्याच घरातली. माज्या बी रगतात हाय म्हना."

"असेल."

"आन् माज्या शिवाच्या?"

"असू शकेल. म्हणून एक सांगते, ऐका. पारूला तुमच्या घरात देऊ नका. दोन्हीकडून तेच रक्त आलं तर लेकरांना जड जाईल. बाहेरचं घर बघा. बाहेरच्या रक्तातली पिलं तगतात, मी पाहिलंय."

आत्यानं घोंगडीची दशी ओढली. "वारुळाची शांत करता येती, डाक्टरीणबाई," म्हणाली. "चार मानसं जेवू घातली, नागाला दूध ठेवलं, झालं. रगताची शांत कुठं करत्यात?"

"शांत नको. चपला पुरे."

दाराशी गूळपाण्याचा तांब्या खाली ठेवलेला दिसला. पारू तिथं नव्हती.

परत येताना बाई आनंदात होत्या. तात्यांचं हसणं त्यांनी मला दोनदा सांगितलं, जसं काही मी तिथं नव्हतेच. "माणसाच्या डोक्यावरचा शाप उतरवला, नलू. पायाचं मला जमलं नाही, पण हे जमलं. तुला काय वाटतं?"

"मला काय कळतंय, बाई."

बाईंचं म्हणणं कळसमधून निघालं ते अर्धंच निघालं. काटा लागला नाही तर काही होत नाही, हे अर्धं तिथंच अंगणात राहिलं. रक्तात आहे, हे अर्धं मात्र बाजाराच्या दिवशी इंदापूरला होतं आणि पुढच्या आठवड्यात भिगवणला. शापाची गोष्ट लोकांना ठाऊक होतीच, पण ती कुणी फारशी मनावर घेत नसे. कुठल्या घराला एखादा शाप नसतो? हे वेगळं होतं. हे शिकलेल्या बाईनं सांगितलं होतं आणि उंदरांवर करून बघितलेलं होतं.

आत्यानं बाईंचा शब्द पाळला. डॉक्टरणीचं ऐकायचं, असं तिनं घरात सांगितलं आणि शिवासाठी दुसरीकडची मुलगी बघायला घेतली. तात्यांकडे मात्र बाहेरून कुणी येईना. शेवटी बाईंनीच मनावर घेतलं. भिगवणकडचं एक माळवं-भाजीपाला पिकवणारं घर त्यांच्या ओळखीचं होतं. मुलगी दाखवायचा कार्यक्रम बाईंच्याच घरी, दवाखान्याच्या मागच्या पडवीत केला. मी पोहे केले. ते गिच्च झाले होते, पण त्या दिवशी कुणाचं पोह्यांकडे लक्ष नव्हतं.

मुलाचा मामा बोलता माणूस होता. त्यानं पारूला नाव विचारलं, चालून दाखवायला सांगितलं, मग म्हणाला, "पाय दाव, पोरी."

पारूनं लुगड्याचा काठ वर उचलला. घोट्यापर्यंत स्वच्छ, गोरेपण टिकून राहिलेले पाय. चपलांच्या पट्ट्यांचे वण तेवढे उमटलेले.

"निर्मळ हायती," मामा म्हणाला. पारू आत गेल्यावर तो बाईंकडे वळला. "पोरगी लाखात एक हाय. पर तुमीच म्हनला न्हवं, रगतात हाय म्हनून? शापबिप आमी मानत न्हाय. उंदराचं कसं न्हाय म्हनायचं?"

"तुमचं घर वेगळं, रक्त वेगळं," बाई म्हणाल्या. "अशा जोडीची पिलं चांगली निघतात. मी स्वतः पाहिलंय."

"आन् त्या पिलांची पिलं?"

मागच्या उंदरांच्या खोलीत त्या वेळी नेमकी तीच वाढत होती. पिलांची एकमेकांत जोडी लावल्यावर नातवंडांत मधेच एखादं इंदापूरकरासारखं सुजायचं. मला ते ठाऊक होतं, बाईंना तर होतंच. दुसरं कुणी ते बघायला येणार नव्हतं. पडवीत माशा घोंघावत होत्या. बाईंनी पदर दोन्ही हातांनी सारखा केला.

"काहींच्यात पुन्हा येतं," म्हणाल्या. ते कोणत्या जोडीत, माणसांत तशी वेळ किती क्वचित यायची, हे त्या सांगायला लागल्या, पण मामानं हात जोडले होते. तो रागावला नव्हता. उलट जाताना म्हणाला, "खोटं बोलला न्हाय बाई, लई मोटं मन हाय तुमचं."

बाई दुसऱ्याच दिवशी निरवांगीला गेल्या. माझं म्हणणं मागं घेते, शिवाला पारूच द्या, चपला घातल्या तर काही बिघडत नाही, असं सांगायला. मला बरोबर नेलं होतं. अंगणात शिवाच्या लग्नाचा मांडव होता आणि जात्याला सुपारी बांधलेली होती. आत्यानं बाईंना पाटावर बसवलं, ओटी भरली.

"तुमच्याच शबुदावं केलं, बाई," एवढंच ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर बाईंना सोपं गेलं असतं.

शिवा मांडवाच्या मेढीला टेकून उभा होता. त्यानं आमच्याकडे पाहिलं आणि तो बैलांकडे गेला.

त्यानंतर बाईंनी उंदरांत नवी जोडी लावली नाही. दवाखाना चालू राहिला, चपला वाटणं चालू राहिलं. मुंबईच्या प्रयोगशाळेला काही तरी पाठवायचं म्हणून माझ्याकडून त्या मजकूर टाईप करून घेत आणि सही न करता बाजूला ठेवत. पारू तात्यांना घेऊन येई, आता भाड्याच्या गाडीतून. बाई तिच्या पायांकडे पाहत नसत. एवढ्या वर्षांची सवय, पण त्या मान वर करून तिच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघून बोलत. पारू बाकाशी उभी राही. बैलांना पाणी पाजायला गाडीवान जाई.

वडिलांची बदली झाली. निघायच्या आधी मी निरोप घ्यायला गेले तर बाई मागच्या अंगणात होत्या. गोदामाचं दार सताड उघडं होतं. रिकामी खोकी उन्हात पालथी घातली होती आणि बाई लुगडं खोचून एकेक खोकं काथ्यानं घासत होत्या. शेवटचे बारामतीकर सकाळच्या गाडीनं मुंबईला परत पाठवले होते. इंदापूरकरांचं काय झालं ते मी विचारलं नाही. सोनाबाई भिंतीशी बसून बघत होती. बाई तिला मदत करू देत नव्हत्या.

"बस," बाई म्हणाल्या. बसायला काही नव्हतं, म्हणून मी एका पालथ्या खोक्यावर बसले. त्यांनी माझ्या चपलांकडे पाहिलं, मग हातातल्या काथ्याकडे.

"शाप होता तोवर तिचं लग्न ठरलेलं होतं," म्हणाल्या. "मी शाप काढला. मी सांगितलं त्यातलं काय खोटं होतं, हे रोज शोधते. सापडत नाही." त्यांनी खोकं उलटं केलं, आतली जाळी बोटानं चाचपली. "कुठं चुकलं, नलू? आत्याशी आधी एकटीशी बोलायला हवं होतं? त्या मामाला तेवढं उत्तर द्यायला नको होतं? तात्यांना विचारून बोलायला हवं होतं? खरं सांग. तुला काय वाटतं?"

त्या पुन्हा घासायला लागल्या. माझं उत्तर त्यांना पाठ होतं, त्यामुळे आता त्या थांबल्याही नव्हत्या. माझ्या डोळ्यांसमोर खिडकीतून दिसणारी ती गाडी होती, चाकाशी बसलेला तो, आणि भरलेली घागर तशीच परत घेऊन येणारी ती.

"पारूला विचारायला हवं होतं, बाई," मी म्हणाले.